पावडरीखालचा रंग

सहा रविवार थॉमसिन, लोक चहा प्यायला जमायचे त्या बागेत जात होती, आणि सहाही रविवार तिने माणसांची तोंडं पाहिली नव्हती, नुसती डोकी पाहिली होती.

"लोक हसतात गं," समोर लोणी-पाव चघळत बसलेला तिचा नवरा ओबेड म्हणाला. "बायको माझी, आणि डोळा जगाच्या केसांच्या टोपांवर!"

"हसू देत."

त्यांची लेक टॅबी अकरा वर्षांची होऊन तापाने गेली. ताप चढला तेव्हा वैद्याने तिचे केस उतरवले होते. नव्या तांब्याच्या पातेल्यासारखे लाल केस! पोरीला बोडक्या डोक्यानेच पुरलं. केस महिनाभर फडताळात राहिले, मग थॉमसिनने ते केसांचे टोप करणाऱ्याला विकले आणि त्याच दिवशी, त्याच पैशांत, निळ्या फुलांची चहादाणी घेतली. गरज काडीची नव्हती. दोन वर्षं दुकानाच्या काचेतून बघत होती, म्हणून घेतली. ह्या एका गोष्टीसाठी ती स्वतःला माफ करू शकत नव्हती.

त्या चहादाणीतून चहा ओतला की मागून टॅबी म्हणायची, "डोक्याला थंडी वाजते." भर दुपारी. ओबेडला कधीच ऐकू आलं नाही. केस थडग्यात पुरल्याशिवाय पोर शांत व्हायची नाही, हे थॉमसिनच्या मनाने घेतलं होतं.

टोपवाल्याने एवढंच सांगितलं होतं की, एका म्हाताऱ्या साहेबांनी टोप नेला, दर रविवारी ह्या बागेत येतात. पण इथे रिवाजाप्रमाणे झाडून सगळे टोप पावडरीने पांढरेफटक. ओळखायचा कुठला?

तेवढ्यात पाऊस कोसळला. बायका घागरे सावरत आडोशाला पळाल्या. काठीवाला एक म्हातारा तेवढा बाकावरून उठेना. त्याच्या टोपाची पावडर ओघळून कोटावर आली, आणि खालून लाल रंग निघाला.

थॉमसिन धावली. "साहेब, हे माझ्या लेकीचे केस. ती गेली हो. मला परत द्या."

म्हाताऱ्याने काठी बाजूला ठेवली. मग त्याने टोप काढून तिच्या हातात ठेवला. "घ्या, बाई. माझ्याहून हक्क तुमचा."

तिने तोंड त्यात खुपसलं. वास टोपाला चोळलेल्या चरबीचा होता, पण बोटांना ओळख पटली. ती निघाली.

"डोक्याला थंडी वाजते."

ती गर्रकन वळली. म्हातारा पावसात बसला होता, टक्कल भिजलेलं, हनुवटी लटलट कापत होती.

"अगं चल ना, मिळालं ते मिळालं!" ओबेड तिचा दंड ओढत म्हणाला.

थॉमसिन हलली नाही. रडू आवरेना तिला. मग तिने टोप पिळला, म्हाताऱ्याच्या डोक्यावर नीट बसवला आणि एक बट कानामागे सारली, चर्चला निघताना टॅबीची सारायची तशी.

"आता?" तिने विचारलं.

"आता नाही वाजत."

म्हाताऱ्याचे ओठ मिटलेले होते. ओबेडने दचकून मागे वळून पाहिलं.