बर्फाच्या बारमधली सून

शेवंतीबाईंच्या संशयाला औषध नव्हतं, आणि ते त्यांनी कधी शोधलंही नव्हतं. नवरा दारूपायी गेला. बारा वर्षं तो जड जिभेने घरी यायचा आणि घेतली नाही म्हणून शपथा वाहायचा. आणि आता एकुलत्या एका मुलाने, राजेशने, लग्नासाठी पसंत केलेली प्रांजल कामाला कुठे, तर अंधेरीतल्या बारमध्ये. भिंती बर्फाच्या, टेबलं बर्फाची, ग्लासही बर्फाचे. असोत, पण बार तो बारच.

तेही त्यांनी एक वेळ गिळलं असतं. पण कामावरून सुटल्या सुटल्या पोरगी फोन करायची तेव्हा तिला धड 'राजेश' म्हणता यायचं नाही. थंडीने होतं, म्हणायची. शेवंतीबाईंनी असली कारणं खूप ऐकली होती. साखरपुडा रविवारी होता. आज ती पिताना दिसली तर तो मोडायचा, असं ठरवून बुधवारी दुपारी त्या कुणाला न सांगता भांडुपहून निघाल्या.

बारच्या दारात त्यांच्या साडीवर एक जाडजूड कोट चढवला. आत पाऊल टाकताच दात वाजायला लागले. निळ्या उजेडात पोरंपोरी बर्फाच्या सोफ्यावर बसून फोटो काढत होती. यांना हौसेने कुडकुडायचं होतं. शेवंतीबाई बर्फाच्या अस्वलाआड उभ्या राहिल्या. काउंटरमागे प्रांजल ग्लास भरत होती आणि मधूनमधून खाली वाकून स्टीलच्या बाटलीतून घोट घेत होती.

सापडली. पण पुरती खात्री हवी म्हणून त्या तिथेच थांबल्या. थंडी बाधू नये म्हणून अर्ध्या तासाने गिऱ्हाइकांना बाहेर काढत होते, पण त्या हलल्या नाहीत. पाऊण तासाने पाय बधिर झाले तेव्हा कुठे त्या काउंटरशी गेल्या.

"काकू? तुम्ही इथे?"

"बाटली दे."

प्रांजलने बाटली पुढे केली. वास घ्यायला नाकच जागेवर नव्हतं, म्हणून त्यांनी घोट घेतला. गरम पाणी. त्यांनी आणखी एक घोट घेतला. पाणीच होतं. तरीही मन म्हणालं, दुसरी बाटली लपवली असेल.

"आधी इथून चला," प्रांजल म्हणाली आणि त्यांना दंडाला धरून बाहेरच्या बाकावर घेऊन आली. तेवढ्यात राजेशचा फोन आला.

"आई, कुठे आहेस?"

"अंधेलीला," शेवंतीबाई म्हणाल्या. ओठ मिटत नव्हते, जीभ वळत नव्हती. "मी बाल बघायला…"

मग राजेशने हळू विचारलं, "तू प्यायलीस?"

"नाय ले. थंडी…"

"बाबांसारखं नको ना करूस, आई."

शेवंतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पोटचा पोरगा, आणि एका शब्दावर त्याचा विश्वास नव्हता. त्यांनी फोन प्रांजलपुढे धरला. मनात आणलं असतं तर पोरीला आत्ता सगळं वसूल करता आलं असतं.

"लाजेश, त्या खलं बोलतायत," ती म्हणाली. तिचीही जीभ तितकीच जड होती.

"तू पण?" राजेशचा आवाज बाकावर ऐकू आला. "रोज थंडी सांगतेस मला, आणि आज आईला घेऊन बसलीस?"

प्रांजलने मान खाली घातली. शेवंतीबाईंनी तिच्या हातून फोन ओढून घेतला.

"तिला काय बोललास तल याद लाख," त्या म्हणाल्या. "ती पीत नाय. मी बघितलंय."