चिमट्याने सुरू होणारी बोट

पांढरझरीच्या धरणावर त्या सोमवारी सगळं बोरखेडी गाव लोटलं होतं. म्हातारेकोतारे आले होते, कडेवर पोरं घेतलेल्या बाया आल्या होत्या, दुकान उघडं टाकून ताराचंद वाणीही आला होता. सगळ्यांच्या माना एका जुनाट मोटरबोटीकडे वळलेल्या. बोटीत इंजिनाशेजारी चिमटेबाबा मांडी घालून बसला होता. इंजिनावर हातभर शेंदूर थापलेला, त्यावर झेंडूची माळ.

"तानबा, चाबी घुमा!" बाबा गरजला. "सब लोग आँखें बंद! साती आसरा माय, जाग! पानी की रानी, जाग!"

डोळे मिटायचा हुकूम होता, म्हणून सगळ्यांनी ते किलकिले ठेवले होते. बाबाने लांब लोखंडी चिमटा इंजिनाच्या कुशीत खुपसला. चटचट निळ्या ठिणग्या उडाल्या. इंजिन दोनदा खाकरलं आणि धडधडायला लागलं. काठावर असा गजर झाला की झाडावरचे बगळे उडाले.

बोटीची वाट पाहत उभ्या असलेल्या अन्नपूर्णा नर्सने मात्र डोळे सताड उघडे ठेवले होते. आठ गावांची बाळंतपणं करणारी बाई ती, तिला डोळे मिटून चालत नसे. तिच्या मनात एकच प्रश्न आला. देवीला जाग आणायची तर चाबी कशाला लागते?

तिने तो मोठ्याने विचारलासुद्धा. ताराचंद वाण्याने कानाला हात लावला. "बाई, असं नाई बोलू! मायची करणी आहे. दुसरा कोणी त्या शेंदराले शिवला तं जागच्या जागी राख होते."

"कोण झालं राख आतापर्यंत?"

"कोणी शिवलाच नाई, तं होईल कसा?"

हा युक्तिवाद ऐकून अन्नपूर्णाने कपाळावर हात मारला.

ही बोट धरण बांधणारा ठेकेदार जाताना गावाला देऊन गेला होता. पाण्यावरून गेलं तर पलीकडची वर्ध्याची डांबरी सडक पाऊण तासात गाठता येई. रस्त्याने जायचं तर रानातून दिवसभर बैलगाडी. दसऱ्यापर्यंत तानबा नावाडी नुसती चाबी फिरवून बोट सुरू करायचा. दसऱ्याला त्याने इंजिन धुऊन-पुसून पुजलं, आणि दुसऱ्या दिवसापासून चाबी फिरवली की टिकसुद्धा आवाज येईना. चार दिवसांनी हा बाबा गिरडच्या बाजूने उगवला, चिमटा लावला, आणि चमत्कार! तेव्हापासून बाबाशिवाय बोट हलत नव्हती. देवळातला मुक्काम बाबाचा, तूप-पोळ्या बाबाच्या, आणि गावाचा शहाणपणाही बाबाच्या पायाशी.

बाबाने नियमही घातले होते. विधवेची सावली बोटीवर पडायची नाही. पोटुशी बाई चढली तर आसरा माय बोट उलटवते, म्हणून आधी उतारा करायचा.

गुरुवारी सकाळी हे नियम नलूच्या जिवावर आले.

नलूचं पहिलंच बाळंतपण. पहाटेपासून कळा येत होत्या. अन्नपूर्णाने पोटावर हात ठेवला आणि तिच्या हाताला मूल आडवं लागलं. असं मूल घरी होत नाही. त्याला वर्ध्याचा मोठा दवाखाना आणि ऑपरेशनच पाहिजे, तेही दुपारच्या आत. बाजेची डोली करून नलूला काठावर आणलं, तर बाबा बोटीच्या तोंडाशी आडवा उभा.

"काली मुर्गी लाओ. सूरज सिर पर आएगा, तब उतारा होगा. तब तक कोई नहीं चढ़ेगा."

बाजेवरून नलू कण्हत सासूला हाक मारत होती, "मामीजी... मामीजी..." आणि तिची सासू रुख्माबाई पन्नास पावलं दूर बाभळीखाली बसली होती. विधवा ना ती! सुनेच्या कपाळावरचा घाम पुसायचीही तिला बंदी.

"बाई, दुपारपर्यंत थांबलं तं चालते ना?" तानबाने चाचरत विचारलं.

"चालते! दोन मुडदे न्यायचे असतील तर खुशाल चालते!" अन्नपूर्णा कडाडली. "बोट सुरू कर."

"माह्याच्यानं नाई होत जी. आज पंधरा दिवस चाबीनं सुरूच नाई झाली."

मग अन्नपूर्णाला तिच्या लसीकरणाच्या जीपचा ड्रायव्हर मधुकरराव आठवला. ती खटारा जीप आठवड्यातून तीनदा रुसायची. मधुकरराव शिवी हासडून खाली उतरायचा, बॉनेट उघडायचा, आणि दोन जाड नटांवर पान्हा आडवा ठेवायचा. चट्! ठिणगी उडायची आणि जीप सुरू. तोंडात तंबाखू असल्यामुळे मंत्र म्हणायची सोय नव्हती त्याची.

ती सरळ बोटीत चढली.

"जल जाएगी!" बाबा ओरडला. "भस्म हो जाएगी!"

"होते भस्म. तू बाजूला हो, नाहीतर अंगावर राख उडेल."

ठिणगीने भडका उडू नये म्हणून तिने इंजिनाशेजारची फळी उचलून पेट्रोलचा वास उडून जाऊ दिला. बोट गिअरमध्ये नाही ना, ते पाहिलं. माळ उचलून बाजूला टाकली. शेंदराच्या लगद्यात दोनच जागा चकचकीत होत्या, दोन जाड नटांची डोकी. रोज चिमटा घासून घासून तिथे शेंदूर टिकलाच नव्हता.

"तानबाभाऊ, चाबी फिरव. आणि पेटीतला मोठा पान्हा दे."

तिने पान्हा दोन्ही नटांवर दाबला. चट्! इंजिन धडधडलं.

आणि मग काय झालं असेल? ताराचंद वाणी लोटांगण घालत ओरडला, "नर्सबाईच्या अंगात माय आली! माय आली वो!" दोघी-तिघी हळदीकुंकू आणायला धावल्या. बाबासुद्धा लबाड, हात जोडून म्हणतो, "देखा? माई ने रूप बदला!"

अन्नपूर्णाला रडावं की हसावं कळेना. ज्या लोकांना शहाणं करायला जावं, त्यांनी आपल्यालाच शेंदूर फासावा! तिने इंजिन बंद केलं.

"बाई, काऊन बंद केलं?" तानबा कळवळला.

"एक मिनिट लागेल. उद्या मी नसले की पुन्हा याच्याच पायावर पडाल तुम्ही." ती काठाकडे वळून ओरडली, "रुख्माबाई! इकडे या!"

"मी? माही सावली..."

"सुनेचा जीव पाहिजे की सावली?"

रुख्माबाई उठली. पदर खोचून पाण्यात शिरली, बोटीत चढली. अन्नपूर्णाने तिच्या हातात पान्हा दिला. "या नटावरून त्या नटावर. बारा व्होल्टची बॅटरी आहे, झटका बसत नाही. ठिणगीला भिऊ नका, आणि मंत्र म्हणू नका."

म्हातारीने ओठ घट्ट दाबले आणि पान्हा टेकवला. चट्! इंजिन सुरू. एका विधवेच्या हाताने.

आता गजर झाला नाही. हळदीकुंकू आणायला निघालेल्या बाया वाटेतूनच मागे फिरल्या.

"आता यानंतर पान्हाही नको," अन्नपूर्णा म्हणाली. मधुकररावाची जीप रुसायची, तीही चाबीच्या वायरीचा स्क्रू गंजल्यामुळेच. तिने इंजिन बंद केलं, पेटीतला चाकू घेतला आणि नटांशेजारचा शेंदूर खरवडला. खालून एक बारीक वायर निघाली, आणि वायरीच्या आणि स्क्रूच्या मधे शेंदराची वाळलेली पापडी. "तानबाभाऊ, दसऱ्याला ही वायर काढली होतीस?"

"होय जी. पितळी स्क्रू घासला, शेंदूर लावला, मंग वायर बसोली."

"चाबी फिरवली की वीज या वायरीतून येते. तेलातला शेंदूर वाळला, म्हणजे रंगच झाला तो. त्यातून वीज जाईल कशी? तुझ्या पूजेनेच बोट बंद पडली. आणि ह्या महाराजांनी चिमट्याने वीज वरच्यावर पुढे ढकलली, वर आणखी शेंदूर थापला, म्हणजे कोणी खरवडायलाच नको. कुठल्या ट्रकवर क्लीनर होता रे?"

बाबा उत्तर द्यायला जागेवर नव्हता. चिमटा टाकून तो देवळामागच्या पायवाटेला लागला होता.

तिने स्क्रू घासून वायर आवळली. तानबाने चाबी फिरवली. ठिणगी नाही, मंत्र नाही, इंजिन मुकाट्याने सुरू. बाज बोटीत चढली. सुनेचं डोकं मांडीवर घेऊन रुख्माबाई बसली, आणि तिची सावली अख्ख्या बोटीवर पडली. बोट सरळ गेली.

दुपारी ऑपरेशन होऊन नलूला मुलगी झाली. दोघी जगल्या. चिमटा आता रुख्माबाईच्या चुलीपाशी असतो, भाकर उलटायला उत्तम आहे.

आणि त्या दिवशी काली मुर्गीची वाट पाहिली असती, तर नलूला आसरा मायने नेलं असंच म्हणून आपण गप्प बसलो असतो ना? म्हणून सांगते बापहो, देव मानायचा तर माना. पण कोणी शेंदूर फासून "हात लावू नका" म्हटलं, की आधी तोच शेंदूर खरवडून बघा.