चेअरमनच्या बैठकीतला लाल फोन

मला उचलून कानाला लावलंत, तरी आता काही ऐकू येणार नाही, मित्रांनो. मी एक जुना लाल टेलिफोन आहे. सध्या माळ्यावर, गंजलेल्या कुलरशेजारी पडून असतो.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझा रंग पिकल्या मिरचीसारखा होता. परतूरला सोसायटीच्या तातेराव चेअरमनच्या घरी, बैठकीच्या खोलीत मला बसवलं, तर अख्खी गल्ली बघायला आली. माझ्या अंगावर विणलेला रुमाल असायचा. "चेअरमनचा एक फोन गेला की काम झालंच समजा," असं लोक म्हणायचे. मी फुगायचो. फुगायला अक्कल लागत नाही.

दोन हजार तीन साली धर्मराज मास्तर आपल्या लेकीला, सत्यशीलाला घेऊन आले. ती बसस्टँडमागच्या कॉम्प्युटर सेंटरात काम करायची. अडत दुकानांच्या हिशोबाचे प्रोग्राम तिनं स्वतः लिहिले होते. पुण्याच्या एका कंपनीत तिची मुलाखत झाली होती. तिचं काम जवळून बघितलेल्या माणसाचं नाव आणि फोन नंबर कंपनीनं मागितला होता.

"साहेब, तुमचंच नाव देऊन राह्यलो," मास्तर म्हणाले.

"बाबा, सेंटरच्या बेबीनंदा मॅडमचं देऊ ना. माझं काम त्यांनीच बघितलंय."

"येडी का तू? पुण्यात बेबीनंदाला कोण वळखतं?"

"मंग साहेबांना तरी कोण वळखतं?"

तातेराव पोट धरून हसले. "पोरगी तिखट हाय, मास्तर! द्या माझंच नाव."

आठवडाभरानं पुण्याहून एका बाईंचा फोन आला.

"सत्यशीला काम कसं करते, सांगाल का?"

"अहो, घरचीच पोरगी हाय. बिनधास्त घेऊन टाका."

"तुम्ही तिचे वरिष्ठ होतात का?"

"मी इथं सगळ्यांचाच वरिष्ठ हाय!"

"तिनं केलेलं एखादं काम?"

तातेरावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग ठोकून दिलं, "टायपिंग झकास करती."

आभार मानून बाईंनी फोन ठेवला. प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरीला या माणसानं एका दमात टायपिस्ट करून टाकलं, आणि पानाला चुना लावत बायकोला म्हणाला, "झालं मास्तरच्या पोरीचं काम."

महिना गेला, बोलावणं आलं नाही. सत्यशीला विचारायला आली.

"साहेब, कंपनीचा फोन आल्ता का?"

"आल्ता ना! मी लई तारीफ केली तुझी."

ती खाली बघत राहिली. "मंग माझीच मुलाखत बिघडली असंल."

"असंल," तातेराव म्हणाले.

मी तिथंच होतो. मला फक्त वाजता येतं, सांगता येत नाही. पोरगी स्वतःला नापास समजून माझ्यासमोरून निघून गेली.

मित्रांनो, तुमच्या कामाबद्दल बोलायला माणूस निवडाल, तेव्हा त्याची खुर्ची आणि गाडी बघू नका. शेजारी बसून ज्यानं तुमच्या चुका काढल्या, त्याच्याकडे जा. त्याला आधी विचारा, माझ्याबद्दल काय सांगाल म्हणून. आणि बैठकीतल्या मोठ्या माणसांनो, माहीत नसेल तर 'मला माहीत नाही' म्हणा की. एवढं म्हणायला तुमचं काय जातं?