शेपटीकडे बघणारा

"श्वास रोखा," कात्री म्हणाली, आणि तिच्या जावयाने खरोखरच श्वास रोखला.

टेबलावरच्या छोट्या विमानाच्या शेपटीवर ओल्या डेकलचा, पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्राचा, तुकडा तरंगत होता. कागदावरून तो नुकताच सुटला होता. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, निळ्याकडून नारिंगीकडे उजळत जाणारा, आणि त्यावर पंख पसरलेला एक मोठा पक्षी. त्याचा एक कोपरा आत दुमडायला लागला होता. कात्रीने ओला ब्रश अलगद त्या कोपऱ्याखाली घातला, थोडा उचलला, पुन्हा सोडला. कोपरा सरळ झाला. मग तिने कापसाची काडी मधून कडेकडे फिरवली. खालचं पाणी बाहेर आलं आणि पक्षी पांढऱ्या प्लॅस्टिकवर असा बसला, की जणू तिथेच उगवला होता.

"सोडा आता. तुम्हाला काही झालं तर लेकीला मी काय तोंड दाखवू?"

जावई हसला आणि खुर्चीत मागे रेलला. तो दातांचा डॉक्टर होता. कपाळावर दवाखान्यातला दिवा, डोळ्यांवर भिंग, हातात लांब चिमटा, अशा थाटात तो सकाळपासून सासूबाईंच्या शेजारी बसला होता. विमानाच्या प्रतिकृतीचं हे किट त्यानेच आणलं होतं. खेळण्यांच्या एका जुन्या दुकानात, धूळ खाणाऱ्या खोक्यांच्या चळतीत, एका खोक्यावर त्याला विमानाचं चित्र दिसलं आणि दुकानदार दचकेल एवढ्या मोठ्याने तो "अरे!" म्हणाला. हे विमान त्याच्या ओळखीचं होतं. नाकापासून शेपटीपर्यंत पक्ष्यांचा थवा पसरलेलं ते विमान सासूबाईंनी रंगवलं होतं.

एकटीने अर्थातच नाही. विमानांना रंग देणाऱ्या हँगरमध्ये ती साचे कापायची. प्लॅस्टिकच्या पातळ चादरीतून पक्ष्याचा आकार कापून काढायचा, ती चादर विमानाच्या अंगावर चिकटवायची, मग रंगारी तिच्यावर स्प्रे गन चालवायचा. कापायची ती ब्लेडने, पण नाव पडलं कात्री, आणि निवृत्त झाल्यावरही ते तिला चिकटूनच राहिलं. लेकसुद्धा चिडली की तिला "कात्रीबाई" म्हणायची.

खरं विमान केव्हाच मोडीत निघालं होतं. त्यामुळे खोकं उघडलं तेव्हा कात्रीने आधी प्लॅस्टिकच्या पंखांकडे पाहिलंही नाही. तिने डेकलचा कागद दिव्याखाली धरला आणि एकेक पक्षी बोटाने तपासत गेली. नाकाजवळचे चिमणीएवढे पक्षी, मग हळूहळू मोठे होत गेलेले, डाव्या बाजूचे वेगळे, उजव्या बाजूचे वेगळे. "मान बघा," ती शेवटी म्हणाली होती. "मान बरोबर काढली आहे मेल्यांनी." तिच्याकडून यापेक्षा मोठं कौतुक जावयाने कधी ऐकलं नव्हतं.

कागद मात्र जुना होता. आधी चाचणीसाठी भिजवलेला एक जास्तीचा पक्षी वाळक्या पानासारखा तडकून पाण्यात विखुरला. मग जावयाच्या डोक्यातून निघालं, की सगळ्या कागदावर आधी वार्निशचा हात मारावा. तो वाळेपर्यंत कात्री खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिली. त्यानंतरचा पक्षी अखंड सुटला तेव्हा दोघांनी एकमेकांना टाळी दिली होती. सासू-जावयाच्या नात्यात हे बसतं की नाही, याचा विचार दोघांनाही नंतर सुचला.

"आई, ताटं कुठे मांडू?" लेक स्वयंपाकघरातून डोकावली.

"मांडीवर."

"जेवणाचं टेबल आहे ते!"

"आज हँगर आहे," जावई म्हणाला. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने कपाळावरचा दिवा उगाचच नीट केला.

डावी बाजू पुरी झाली होती. शेपूट झाली. उजव्या बाजूलाही आता मागच्या दाराजवळचे थोडेच पक्षी उरले होते. कात्रीच्या गालांवर लाली चढली होती. चहाचा कप कधीचा निवून साय धरून बसला होता. तिने पुढचा पक्षी कापायला ब्लेड टेकवलं आणि जावयाने तिचं मनगट धरलं.

"थांबा. हा चुकीचा आहे."

"कुठला?"

"हा बघा ना. सगळ्यांची तोंडं पुढे, याचं मागे. डाव्या बाजूचा चुकून इकडे छापला गेलाय."

कात्रीने भिंग मागितलं. कागदावरच्या त्या पक्ष्याकडे पाहिलं. मग डावी बाजू बोटाने मोजत गेली; तिकडे एकही कमी नव्हता. मग तिने कुठला पक्षी कुठे लावायचा ते दाखवणारं चित्र पुढे ओढलं. उजवी बाजू, मागचं दार, दाराच्या खाली. थवा पुढे निघालेला, आणि त्यातला एकच पक्षी वळून शेपटीकडे बघत असलेला.

"अगं बाई!" ती उठून उभीच राहिली. खुर्ची मागे कलंडली. "हा आला! अहो, हा आला यात!"

"कोण आला?" लेक धावत बाहेर आली.

"फोन दे माझा. नको, तूच लाव, माझे हात ओले आहेत. लंबूला लाव."

लंबू हँगरमधला रंगारी. त्याची उंची इतकी, की बाकीच्यांना शिडी लागायची तिथे तो नुसता टाचा उंचावून रंग मारायचा. आता तो गावाच्या दुसऱ्या टोकाला मुलाकडे राहत होता. दोघांचं बोलणं होऊन खूप दिवस झाले होते, आणि झालं तेही कुणाच्या तरी मयताला. फोन वाजत होता तेवढ्या वेळात तिने जावयाला घाईघाईने सांगून टाकलं. नव्या रंगातलं ते विमान दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा उडायचं होतं. चादरी सोलल्या आणि एक पक्षी उलट्या तोंडाचा निघाला. साचा पालथा बसला होता. पुन्हा रंगवायला वेळच नव्हता, म्हणून विमान तसंच उडालं, आणि वर्षानुवर्षं तसंच उडत राहिलं.

"बाहेर कुणाला कळलं नाही?"

"मला वाटायचं, कुणालाच नाही. आणि हे बघा, किट करणारं कुणीतरी कुठेतरी फोटो बघत बसलं असेल, त्याला दिसला! आणि त्याने सुधारला नाही हो, तसाच छापला!"

"हॅलो?" टेबलावरच्या फोनमधून खर्जातला आवाज आला. "कोण, कात्री?"

"लंबू, तुझा पक्षी सापडला!"

"माझा कसला? तुझा ना?"

"उलटा, रे. मागच्या दाराजवळचा."

"तोच म्हणतोय मी. तुझा तो. तू साचा पालथा दिला होतास."

कात्रीने हातातला ब्रश खाली ठेवला. "मी? तू पालथा लावलास!"

"मी त्या बाजूला नव्हतोच. मी विमानाच्या पोटाखाली आडवा पडून रंग मारत होतो. उठलो तेव्हा डोळ्यांत रंग."

"मग मी फोरमनला कशाला सांगायला गेले, की माझ्या हातून झालं?"

"तू काय सांगितलंस?"

जावई आणि लेक एकमेकांकडे बघायला लागले. कात्री खाली बसायला गेली आणि खुर्ची आडवी आहे हे तिच्या वेळेवर लक्षात आलं. जावयाने ती उचलून तिच्यामागे सरकवली.

"तुला आधीच ताकीद मिळाली होती," ती म्हणाली. "आई अंथरुणाला खिळलेली, तू रोज उशिरा यायचास. अजून एक चूक निघाली असती, तर घरी बसवलं असतं तुला. म्हणून मी केबिनमध्ये जाऊन सांगितलं, साचा मी पालथा दिला. तो चष्म्यावरून बघत राहिला आणि 'बरं' म्हणाला."

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"लंबू? आहेस ना?"

"मला पण 'बरं'च म्हणाला," लंबू म्हणाला. "तुझी वरच्या जागेची परीक्षा होती. म्हटलं, हिच्या नावावर हे नको. म्हणून मी गेलो. मी सांगितलं, साचा मी पालथा लावला."

"म्हणून तुलाही रंग खरवडायला घातलं?"

"आणि मला वाटत होतं, तुला का घातलं! मला वाटलं, माझं खोटं पकडलं त्याने."

"मलाही तेच वाटलं!"

लेकीने तोंडावर हात धरला. जुन्या विमानांचा रंग खरवडून काढणं हे हँगरमधलं सगळ्यात वाईट काम होतं, एवढं तिला आईकडून ऐकून माहीत होतं. अख्खा हिवाळा आईने ते केलं होतं. का, ते मात्र तिने कधीच सांगितलं नव्हतं.

"मग लावला कुणी तो?" जावयाला राहवलं नाही.

"कोण बोललं?"

"माझे जावई. दातांचे डॉक्टर आहेत."

"डॉक्टर, तुम्ही बरोबर नस पकडली," लंबू म्हणाला. तो सावकाश आठवत होता. "त्या संध्याकाळी हात कमी पडत होते. कात्री, तू साचे मागच्या दाराशी ठेवून नाकाकडे गेलीस. मी पोटाखाली. आणि फोरमन म्हणाला, 'तू खालचं बघ, एवढं मी उरकतो.' तो स्वतः चढला होता शिडीवर."

मग कात्रीच्या खांद्यांना पहिला हिसका बसला. तिने ठसका लागल्यासारखा छातीवर हात ठेवला, आणि हसू फुटलं ते फुटलंच. तिकडून लंबूचं खर्जातलं हसणं सुरू झालं. फोन टेबलावर थरथरायला लागला आणि पाण्याच्या वाटीत बारीक वलयं उठली.

"लबाड म्हातारा!" तिने डोळे पुसले. "दोघांनी एकामागून एक जाऊन गुन्हा कबूल केला, आणि याने दोघांनाही 'बरं' म्हणावं!"

"आपल्याला शंका कशी आली नाही गं?"

"फोरमनची चूक होऊ शकते, हे त्या वयात डोक्यात तरी येत होतं का?"

पुन्हा दोघं हसली. मग लंबूने विचारलं, "लावलास पक्षी?"

"नाही अजून. कापायलाच घेतला होता."

"लावू नकोस. मी येतोय."

"आत्ता?"

"मग काय, बोलावणं पाठवणार आहेस?" आणि फोन बंद झाला.

लेक हसत हसत आत निघून गेली, आणि एक ताट जास्त काढल्याचा आवाज आला. जावयाने सवयीने चिमटा उचलला. कात्रीने तो त्याच्या हातातून काढून घेतला, पुसला आणि टेबलाच्या पलीकडच्या कडेला नीट ठेवला. विमानावर मागच्या दाराखालची जागा अजून पांढरीच होती.

"फार त्रास झाला असेल ना आई," जावई म्हणाला. "त्या खरवडण्याचा. कारण नसताना."

"त्रास म्हणजे काय विचारता! बोटांची सालं निघायची. रंग काढायच्या औषधाच्या वासाने जेवण जायचं नाही." तिने उरलेल्या पाण्याची वाटी उचलली, पाहिली आणि पुन्हा होती तिथेच ठेवली. "त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आम्ही दोघंच असायचो."

जावयाने कपाळावरचा दिवा बंद केला.

कात्रीने पलीकडची खुर्ची ओढली, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि मान हलवली.

"जावईबापू, जरा हात लावा. हे टेबल कशावर तरी उंच करायला हवं. याच्याखाली त्याचे गुडघे मावायचे नाहीत."