सात पायऱ्या

“अगं, उभा चढ झालाय ह्यो! पाट मागं पळंल,” अण्णा खालून म्हणाले.

मी कुठली ऐकते! सोसायटीच्या गोदामातून दोन फळ्या मी स्वतः ओढत आणून शाळेच्या पायऱ्यांवर टाकल्या होत्या. तालुक्यात वक्तृत्वात पहिली आले होते. आज बक्षीस समारंभ, हॉलमध्ये माझं भाषण, आणि अण्णांनी ते समोर बसून ऐकायचं, एवढंच मला हवं होतं.

अण्णा, माझे वडील, गवंडी. शाळेच्या या सात पायऱ्या त्यांनीच बसवलेल्या. जोतं उंच तर गावाची मान उंच, असं तेव्हा सगळेच म्हणायचे, अण्णाही. गेल्या वर्षी परांचीवरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. आता बेरिंगची चाकं लावलेल्या पाटावर बसून, हातांनी जमीन रेटत फिरतात.

मी आणि शेजारच्या बनुमावशी, दोघींनी जोर लावला. तिसऱ्या पायरीपर्यंत गेलो आणि पाट जो मागे घसरला! कसाबसा अडवला. माझ्या कोपराचं सालटं निघालं.

“वीतभर चढायला धा-बारा विती लांबी लागती, पोरी,” अण्णा म्हणाले. “गोदामाला केलता की म्या तसा उतार. पोत्यांसाठी.” मग हळूच म्हणाले, “हितं मानसं चढनार हुती, म्हनून न्हाई केला.”

हेडसर बाहेर आले. “रंगनाथ, चौघं उचलतील तुला. चल.”

“न्हाई सर. पोत्यावानी न्हाई.”

“सर, मग कार्यक्रम मैदानात घेऊ ना!” मी म्हणाले.

“नगरहून पाहुणे आलेत, त्यांना उन्हात बसवू? एका माणसासाठी?”

तालुक्यात पहिली आलेली मी. खाली वाकून फळ्या गोळा करू लागले.

“जा तू,” अण्णा म्हणाले. “मोठ्यानं बोल. ऐकतो मी हितनं.”

मी ओरडूनच बोलले. हेडसर हातानं ‘हळू, हळू’ करत होते. मध्येच पाहुण्यांचा चहा आला, आणि माझं भाषण संपलेलं कुणाला कळलंच नाही. चार-दोन टाळ्या. कडकडाट झाला तो नंतर, पाहुण्यांच्या भाषणाला.

संपल्यावर धावत बाहेर आले. अण्णा खालच्या पायरीला टेकून उन्हातच बसले होते.

“शब्द न्हाई कळले गं. पन टाळ्या लई पडल्या! मी बी वाजवल्या. तुझ्याच हुत्या ना?”

“व्हय, अण्णा.”

त्यांचा तळहात पायरीच्या कडेवरून सावकाश फिरत होता.

“कड अजून शाबूत हाय,” ते म्हणाले.