तिसऱ्या शंखापर्यंत

नारळाच्या झाडाखाली बसू नका. सावली दुसऱ्या झाडांनाही असते.

*

बसमध्ये कुणी अनोळखी माणूस तुमच्या मांडीवर येऊन बसला तर रागावू नका. बस भरली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

*

कुत्रा अंगावर आला तर खाली वाका. दगड सापडला नाही तरी चालेल. वाकणं त्याला ओळखता येतं.

*

मालकिणीच्या डुकरिणीला काही भरवू नका. ती मालकिणीच्याच हातचं खाते.

*

बसलेल्या माणसाकडे पाय पसरू नये. मांडी घाला. गुडघे दुखत असतील तर पायांवर चटई ओढून घ्या, मग चालतं.

*

पोहता येत नसेल तर आधीच सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

*

रविवारी समुद्र बंद.

*

पाहुणा बसमधून उतरून पाठीवरची पिशवी खाली ठेवायच्या आत फुआतिनो हे सगळं, आणि आणखी बरंच, एका दमात सांगून टाकायची. वाईलोतो गावच्या किनाऱ्यावर तिच्या चार फाले होत्या: चार खांब, वर झावळ्या, खाली गादी, मच्छरदाणी. भिंती नाहीत, म्हणून उपदेश भरपूर. पाहुणे मान डोलवायचे आणि समुद्र दिसला की सगळं विसरायचे.

मग तो सायकलवाला आला.

वाईलोतोत संध्याकाळी शंख वाजला की ‘सा’ लागतो. सगळं गाव घराघरांत प्रार्थनेला बसतं आणि रस्त्यावर कुणी चालत नाही. गावातले तगडे पुरुष रस्त्याच्या कडेला पहाऱ्याला उभे राहतात. सायकलवाल्यालाही हे सांगितलं होतं, नारळ आणि कुत्र्याच्या मध्ये कुठेतरी. तो उघड्या अंगानं, केळं खात, गावप्रमुख सालाउसांच्या घरासमोरून गेला आणि प्रार्थनेला बसलेल्या म्हाताऱ्याला हात हलवून नमस्कार करून गेला.

पाहुण्याचा गुन्हा यजमानाच्या माथी, हा गावचा रिवाज. पंचांनी फुआतिनोची डुकरीण दंड म्हणून नेली, वर डबाबंद मासळीची खोकी नेली. डुकरिणीला तिनं पिल्लू असल्यापासून हातानं भरवलं होतं. सालाउसा इतकंच म्हणाले, “पुन्हा झालं तर तुझ्या फाले बंद, बाळ.” अगदी हळू म्हणाले. वाईलोतोत आवाज जितका हळू, तितकी गोष्ट पक्की.

तेव्हापासून फुआतिनोनं बाकीचे उपदेश गुंडाळून ठेवले. एकच ठेवला.

*

पुढची पाहुणी फिनलंडची होती, तूलिक्की नावाची. पन्नाशीची, उंच, पिवळी टोपी, आणि तिकडे इमारतींमधल्या लिफ्ट तपासण्याची नोकरी. इंग्रजी दोघींनाही बेताचंच येत होतं, त्यामुळे बोलणं स्वच्छ व्हायचं.

“शंख वाजला की?” फुआतिनोनं अंगणात तिची उजळणी घेतली.

“बसायचं.”

“कुठे?”

“असेन तिथे.”

“उठायचं कधी?”

“तिसऱ्या शंखाला. पहिला तयारीचा, दुसरा प्रार्थनेचा, तिसरा सुटीचा.”

“आणि मीच येऊन म्हटलं, बाई ऊठ, तर?”

तूलिक्की विचारात पडली. “तर… उठायचं?”

“नाही! मी म्हटलं तरी नाही. पाद्रीबाबा आले तरी नाही. तिसऱ्या शंखापर्यंत जागचं हलायचं नाही.” आणि फुआतिनोनं दोन्ही हात तोंडाशी धरून जोरात “बूऽऽ” केलं.

तूलिक्की होती तिथे मटकन बसली. नेमकी कोंबड्यांच्या घाणीत.

चटईवर पडलेली सिनाउमेआ आत्या खो खो हसली. “अगं पुरे कर! माणूस आहे ती. कोंबडीला तरी इतकं शिकवलं असतंस तर अंडी एका जागी घातली असती तिनं.” आत्यानं पाहुणीचं नाव लगेच ‘तुली’ करून टाकलं. तुली म्हणजे थंड देशातून उडत येणारा आणि ओहोटीला पोवळ्याच्या बांधावर उंच पायांनी फिरणारा पक्षी. “चालते तशीच,” आत्या म्हणाली.

*

गुरुवारी पहिला शंख वाजला तेव्हा तुली तिच्या फालेत नव्हती.

फुआतिनोनं रस्ता दोन्हीकडे पाहिला. रस्ता रिकामा. समोरच अलापाती, तिचा मावसभाऊ, हातात काठी घेऊन पहाऱ्याला उभा. त्याच्यापुढे दुसरा, पुढे तिसरा. पिवळी टोपी कुठेच नाही. आत्यानं आतून हाक मारली, “ये आता, देव खोळंबलाय.”

दुसरा शंख वाजला. भजन सुरू झालं. फुआतिनोचे ओठ हलत होते आणि उजवा डोळा उघडा होता. घराला भिंती नसल्यामुळे रस्त्यापलीकडे, दोन फालेंच्या मधून समुद्र सरळ दिसत होता. आणि त्या फटीत, दूर पोवळ्याच्या बांधावर, पिवळा ठिपका होता.

बसलेला.

फुआतिनोचा जीव भांड्यात पडला. काय गुणाची बाई! बांधावर तारामासे बघायला गेली असेल, शंख ऐकला आणि बसली. असे पाहुणे मिळाले तर गावाची पंचाईतच मिटेल.

मग तिला पाणी दिसलं. भरती लागली होती.

*

आत्याची प्रार्थना म्हणजे लांब पल्ल्याची बोट होती. प्रत्येक बंदराला लागल्याशिवाय ती परत येत नसे.

— हे प्रभू, ऑकलंडच्या आमच्या लोसीवालेला सांभाळ. तिच्या तिन्ही पोरांना सांभाळ.

टोपी. टोपीखाली खांदे. पाणी छातीशी.

— थोरल्याला दारूपासून सांभाळ. मधल्याला त्या मुलीपासून सांभाळ. धाकट्याचं मी उद्या सांगते.

एक लाट बांधावरून आत आली. टोपी वर झाली, खाली झाली. मांडी मोडली नव्हती.

— सिडनीच्या ताविताचा गुडघा, प्रभू. डावा. मागच्या वेळी तू उजवा बरा केलास.

बांध आणि किनारा यांच्यामध्ये एक खोल चर होता. भरतीत आधी तो भरतो, आणि भरला की त्याला ओढ लागते. ओहोटीला त्यातून चालत जाता येतं. आता अजून येत होतं. थोड्या वेळानं येणार नव्हतं.

फुआतिनोनं अलापातीकडे पाहिलं आणि भुवया समुद्राकडे उडवल्या. गावात अर्धं बोलणं भुवयांनीच चालतं. अलापातीनं वळून पाहिलं. त्याच्या भुवया कपाळाच्या वर जाऊन तिथेच राहिल्या. मग त्यानं हनुवटीनं स्वतःच्या पायांकडे दाखवलं: मी पहाऱ्यावर आहे, हलू कसा? आणि हनुवटी तिच्याकडे वळवली: तू?

तिनं रस्त्याकडे पाहिलं. चार पावलांचा रस्ता. तो ओलांडला की सा मोडला, आणि या वेळी कुठला सायकलवाला नाही, खुद्द यजमानीण. न ओलांडला तर ती बाई तिथे बसून राहणार, कारण तसं तिला फुआतिनोनंच शिकवलं होतं.

— आणि हे प्रभू, आत्याचा सूर जरासुद्धा बदलला नाही, जी तुली तुझ्या समुद्रात मांडी घालून बसली आहे, आणि जिच्याकडे माझी भाची भजनापासून एका डोळ्यानं बघते आहे…

फुआतिनोनं दचकून डोळा मिटला.

— …तिच्याकडे जायला भाचीला पाय दे. आणि रस्त्यावरच्या अलापातीला डोंगराकडे तोंड करून तुझी थोरवी न्याहाळायची बुद्धी दे. बाकीचे नातेवाईक तुला ठाऊकच आहेत. आमेन.

अलापाती डोंगराकडे वळला. त्याला पाहून पुढचा वळला, त्याला पाहून त्याच्या पुढचा. जन्म त्या डोंगराखाली काढलेली माणसं, जणू आजच तो उगवला होता.

*

फुआतिनो धावली नाही. धावणं हा आणखी एक गुन्हा. बसलेल्यांच्या पुढून जाताना वाकतात तशी वाकून, “तुलोउ, तुलोउ” अशी माफी पुटपुटत तिनं रस्ता ओलांडला. नीरफणस काढायचा बांबू फालेला टेकून ठेवला होता, तो उचलला आणि पाण्यात शिरली.

गुडघे. कंबर. चरात पोचली तेव्हा छाती. बांबू रोवायचा, पाऊल टाकायचं, बांबू उपटायचा. कमरेची लुंगी पाण्यानं अशी ओढली की कुणी लहान मूल मागे ओढतंय असं वाटावं. तिनं फक्त टोपीकडे पाहिलं.

तुलीच्या हनुवटीशी पाणी होतं. ओठ निळसर. फुआतिनोला पाहून ती हसली.

“ऊठ!” फुआतिनो ओरडली.

पाण्यातून एक हात वर आला. दोन बोटं. “दोनच झाले.”

“अगं बाई, बुडशील! ऊठ!”

“तू म्हणाली होतीस, तू म्हटलंस तरी नाही.” आणि जरा दबक्या आवाजात, “ही परीक्षा आहे ना?”

फुआतिनोनं बांबू काखेत धरला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सगळा जीव एकवटून “बूऽऽ” केलं.

तुलीनं मान हलवली. “हा शंख नाही. ही तू आहेस.”

तेवढ्यात शंख वाजला. खरा. सालाउसांच्या घरातून, नेहमीपेक्षा खूपच आधी. खालच्या आळीतली भजनं मधल्या कडव्यात तुटली.

तुली उभी राहिली. उभी राहिल्यावर पाणी तिच्या कमरेलाच होतं. दोघी बांबूला धरून चरातून आल्या. कोण कुणाला घेऊन येतंय ते किनाऱ्यावरून सांगता आलं नसतं.

*

किनाऱ्यावर सालाउसा उभे होते, हातात शंख तसाच. तो ते दुसऱ्या कुणाला फुंकू देत नसत. मागे अख्खं गाव.

फुआतिनो ओल्या वाळूत मांडी घालून बसली, मान खाली. तुलीही तिच्याशेजारी बसली. आता तिला काही सांगावं लागत नव्हतं.

“विचार तिला,” सालाउसा हळू म्हणाले. “समुद्रात का बसली?”

फुआतिनोनं विचारलं.

“शंख वाजला म्हणून,” तुली म्हणाली.

म्हाताऱ्यानं आधी बांधाकडे पाहिलं, मग हातातल्या शंखाकडे. मग त्याचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग तो असा हसला की त्याला अलापातीचा हात धरावा लागला.

“बांधापर्यंत!” तो गावाकडे वळून म्हणाला. “ऐकलंत? माझा शंख बांधापर्यंत जातो! आणि तुम्ही, माझ्या ओटीवर बसलेले, म्हणता दुसरा ऐकूच आला नाही.”

“सालाउसा,” फुआतिनो मान न उचलता म्हणाली, “सा मी मोडला. तिसऱ्याच्या आधी मी रस्ता…”

“मला आज भूक लागली होती. मी लवकर सोडला. सुटल्यावर कोण कुठे फिरलं, त्याचं पंचांना काय?”

“पण मी तर त्याच्याही आधी…”

“फुआतिनो,” सिनाउमेआ आत्या मागून म्हणाली, “तोंड मीट. खारं पाणी जाईल.”

सालाउसांनी अलापातीकडे पाहिलं. “तू काय पाहिलंस?”

“डोंगर,” अलापाती म्हणाला.

“कसा होता?”

“मोठा.”

गाव हसत हसत जेवायला गेलं. रात्री सालाउसांच्या घरून केळीच्या पानात बांधलेली, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं आली, पाहुणीसाठी. तुली चटईत गुंडाळून गरम कोको पीत होती आणि दर घोटागणिक दात वाजत होते. आत्या तिच्या डोक्याला तेल चोळत, तिला एक अक्षर कळत नाही याची पर्वा न करता, सिडनीच्या ताविताच्या गुडघ्याची सगळी हकिगत सांगत होती. फुआतिनो खांबाला पाठ टेकून बसली होती. चारही फालेंमधल्या मच्छरदाण्या वाऱ्यानं फुगत होत्या, रिकाम्या होत होत्या, आणि ते बघताना तिला इतकं हलकं वाटलं की जेवायचंही राहून गेलं.

*

शंख वाजला की बसा. असाल तिथे. पण जमिनीवर.

*

फुआतिनोला पोहता येत नाही.