फ्रीजरमधल्या अस्थी

माझ्या बायकोच्या, कांचनच्या फ्रीजमध्ये अंडंसुद्धा जात नाही, आणि माझी भाची तन्वी चक्क मासा घेऊन आली. जूनचा शनिवार, बाहेर शेहेचाळीस डिग्री.

"मामा, लॅब सोमवारी उघडेल. तोवर हे गोठलेलंच राहायला हवं."

आमच्याकडूनच कधीतरी नेलेल्या डब्यात शार्कच्या मांसाचा तुकडा. नदीतला शार्क, आता जवळजवळ संपलेला. सहा वर्षांत हा एकच सापडला, तेही कोळ्यांनी कापल्यावर कळलं. आईकडून पिल्लाकडे जाणारा त्याचा डीएनए तिला पूर्ण वाचायचा होता. आजवर कुणी वाचला नव्हता.

"पण मामीला काय सांगायचं?"

"मामा कशाला आहे तुझा?"

डबा लाल फडक्यात बांधून फ्रीजरमध्ये ठेवला, वर चिठ्ठी: 'जयसिंगच्या वडिलांच्या अस्थी. प्रयागला न्यायच्या आहेत. उघडू नये.' जयसिंग माझ्याबरोबर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात. त्याचे बाबूजी गावी, समथरला एकदम ठणठणीत, रोज जिलेबी हाणतात. ड्यूटीवर जाताना रस्ताभर मी एकटाच हसत होतो.

सोमवारी सकाळी तन्वी आली. फ्रीजर उघडला तर आत नुसता आमरस.

"कांचन, लाल डबा कुठंय?"

"अहो, अस्थी घरात ठेवतात का कुणी? तेही आमरसाशेजारी! शनिवारीच मागच्या कडुनिंबाला टांगल्या. दोन्ही वेळ उदबत्ती लावली. बिचारे बाबूजी!"

मला आधी हसूच फुटलं. मग मागं गेलो. वास आला, फडक्यावर मुंग्यांची रांग दिसली. तन्वी डबा तसाच घेऊन गेली.

महिन्यानं रिकामा डबा परत द्यायला आली.

"डीएनएची सोळा हजार अक्षरं हवी होती, मामा. चारशे मिळाली, तीही तुटकी. बाकी सगळं जंतूंचं."

"दुसरा तुकडा मागव की."

"दुसरा शार्क कुठंय?"

कांचन दारात उभी होती. "मला खरं सांगितलं असतंत तर ठेवला नसता का मी? पोरीसाठी? नंतर फ्रीज धुतला असता."

 सवयीनं माझ्या तोंडातून निघालं, "चल तन्वी, लक्ष्मी तालाच्या पाण्यात अस्थी सोडून येऊ."

"शार्कला हाडं नसतात मामा," ती म्हणाली. "अस्थीसुद्धा उरत नाहीत."

तिनं डबा नळाखाली पुन्हा एकदा धुतला आणि ओट्यावर पालथा घातला.